शुद्ध केलेल्या सांडपाण्याने हिरवे झालेले सरोवर: सिॲटलचे एक प्रकरण

१९५५ च्या जूनमध्ये सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये वॉशिंग्टन सरोवराच्या पाण्याचा एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला गेला. संशोधक जॉर्ज अँडरसन यांना त्यात लालसर तंतू दिसले. ते ऑसिलेटोरिया रुबेसेन्सचे होते. आज या जातीला प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स म्हणतात. आपण ज्याला निळे-हिरवे शेवाळ म्हणतो त्याच गटातला हा जीव. या सरोवरात तो त्याआधी डोळ्यांत भरेल इतका कधी आढळला नव्हता.

अँडरसन यांचे मार्गदर्शक डब्ल्यू. थॉमस एडमंडसन यांनी हे नाव ऐकताच धोका ओळखला. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक सरोवरात हेच शेवाळ १८९८ मध्ये उसळले होते. काठावरची वस्ती वाढली, घराघरांतले मैलापाणी सरोवरात जाऊ लागले, आणि मग पाण्याची पारदर्शकता घटत गेली, तळचा प्राणवायू कमी होत गेला. युरोपातल्या आणखी काही सरोवरांची हकीकत याच क्रमाने घडली होती. म्हणजे सिॲटलच्या पाण्यात पुढे काय होणार, हे दुसरीकडे आधीच घडून गेले होते.

गोड्या पाण्याच्या प्रदूषणाची प्रकरणे जगात असंख्य आहेत. त्यातले हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण इथे शास्त्रज्ञाने काय होणार ते आधी सांगितले, लोकांनी त्यावर मतदान केले, पैसे भरले, आणि नंतर ते सांगणे खरे ठरले की नाही हे त्याच शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे मोजून तपासले. या चारही गोष्टी एकाच ठिकाणी सापडणे फार दुर्मीळ.

सरोवर आणि त्याची वस्ती

वॉशिंग्टन सरोवर सिॲटल शहराच्या पूर्वेला आहे. हिमनद्यांनी कोरलेले, लांबट, सुमारे ८८ चौरस किलोमीटर पसरलेले. सर्वांत खोल जागी ६५ मीटर पाणी, सरासरी खोली ३३ मीटरच्या आसपास. कॅस्केड पर्वतरांगेतून येणारी सीडर नदी त्याला स्वच्छ, पोषकद्रव्ये अगदी कमी असलेले पाणी पुरवते. सरोवरातले सगळे पाणी बदलायला साधारण अडीच वर्षे लागतात. १९१६ साली समुद्राला जोडणारा जहाजांचा कालवा सुरू झाला आणि सरोवराची पातळी जवळपास तीन मीटरने उतरली. माणसाचा हात त्याला तेव्हापासूनच लागलेला आहे. आज पूर्व काठावरच्या बेल्व्ह्यू, कर्कलंड आणि जवळच्या रेडमंडमध्ये संगणक क्षेत्रात काम करणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. ज्या पाण्यावर त्यांची मुले उन्हाळ्यात पोहायला जातात त्याची ही गोष्ट आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिॲटलचा कच्चा मैला थेट सरोवरात जात असे. १९३६ मध्ये शहराने तो प्रवाह वळवून प्यूजेट साउंड या समुद्राच्या खाडीकडे नेला. प्रश्न मिटला असे वाटले. मग १९४० मध्ये सरोवरावर तरंगता पूल झाला, पूर्वेकडची शेते आणि जंगले उपनगरांत बदलू लागली. या नव्या गावांनी कच्चा मैला सोडला नाही, हे आवर्जून सांगायला हवे. त्यांनी नियमाप्रमाणे मैला शुद्धीकरण केंद्रे उभारली. १९४१ ते १९५० च्या दशकाअखेर अशी दहा केंद्रे आपले प्रक्रिया केलेले पाणी सरोवरात सोडत होती, आणखी एक सरोवराला मिळणाऱ्या उपनदीत. बहुतेक केंद्रांत दुय्यम प्रक्रिया होती, म्हणजे त्या काळातली चांगली व्यवस्था.

आणि सरोवर बिघडले ते याच पाण्याने.

दुय्यम प्रक्रियेत जीवाणू मैल्यातले सेंद्रिय पदार्थ खातात. घाण वास जातो, गाळ वेगळा होतो, क्लोरीन टाकून रोगजंतू मारले जातात. बाहेर पडणारे पाणी डोळ्याला बरेच स्वच्छ दिसते. पण मैल्यात असलेला फॉस्फरस आणि नायट्रोजन यांतला मोठा भाग विरघळलेल्या रूपात तसाच पुढे जातो. शेवाळाला नेमके हेच हवे असते. मैला जसाच्या तसा सोडला तर नदी कुजते, हे सगळ्यांना दिसते. प्रक्रिया करून सोडला तर साचलेल्या पाण्याला खत मिळते, आणि ते खत कोणाला दिसत नाही. त्यात १९४० च्या दशकाच्या शेवटी फॉस्फेटयुक्त कपडे धुण्याच्या पावडरी घराघरांत पोचल्या, त्यामुळे मैलापाण्यातला फॉस्फरस आणखी वाढला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरोवरात येणाऱ्या एकूण फॉस्फरसपैकी अर्ध्याहून अधिक सांडपाण्यातून येत होता.

उजनीकाठच्या वाचकांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. इंदापूर-करमाळ्याकडे पाणफुगवट्याचे हिरवे पाणी आणि जलपर्णी ही नेहमीची दृश्ये आहेत. आपल्याकडे चर्चा होते ती किती टक्के मैल्यावर प्रक्रिया होते याची. ती व्हायलाच हवी, कारण सोलापूर तेच पाणी पिते. पण समजा उद्या शंभर टक्के मैल्यावर दुय्यम प्रक्रिया झाली, तरी धरणातले खत त्याच प्रमाणात घटणार नाही. फॉस्फरस काढण्यासाठी तुरटी किंवा लोहाचे क्षार वापरून तो गाळात बसवावा लागतो, किंवा त्यासाठी खास जीवाणूंची प्रक्रिया लागते. आपल्याकडच्या बातम्यांत हा भेद फारसा येत नाही. वॉशिंग्टन सरोवराचे प्रकरण मराठीत सांगावेसे वाटले ते मुख्यतः यासाठी.

आधीच्या नोंदी

एडमंडसन यांचा जन्म १९१६ चा. शाळकरी वयातच ते येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्या प्रयोगशाळेत जाऊ लागले आणि रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांच्या अभ्यासात रमले. सरोवरशास्त्राला आधुनिक रूप देणाऱ्यांत हचिन्सन यांचे नाव फार वरचे आहे. १९४९ मध्ये एडमंडसन सिॲटलला आले. प्रदूषण हा त्यांचा मूळ विषय नव्हता. प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची संख्या कशाने वाढते आणि कशाने घटते, हे त्यांना समजून घ्यायचे होते. त्यांच्या पत्नी यव्हेट एडमंडसन जीवाणूशास्त्रज्ञ होत्या आणि पुढे सरोवर व समुद्रशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकाचे संपादन त्यांनी अनेक वर्षे केले.

१९५५ च्या शोधाला वजन आले ते त्याआधीच्या मोजमापांमुळे. याच सरोवराचा १९३३ मध्ये एक पद्धतशीर अभ्यास झाला होता आणि १९५० मध्ये एडमंडसन यांच्याच विभागात दुसरा. त्यामुळे १९५५ चे आकडे हाती आल्यावर तुलना करता आली. उन्हाळ्यात वरचे गरम पाणी आणि खालचे गार पाणी वेगळे राहते, तेव्हा खालच्या थरातला प्राणवायू किती वेगाने संपतो हे पाहिले गेले. तो वेग १९३३ पेक्षा १९५० मध्ये आणि १९५० पेक्षा १९५५ मध्ये जास्त होता. वरती शेवाळ वाढते, मरते, तळाशी जाते, तिथे कुजताना प्राणवायू वापरते. म्हणजे तळाचे आकडे वरच्या उत्पादनाची पावती देत होते. १९५६ मध्ये एडमंडसन, अँडरसन आणि डोनाल्ड पीटरसन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सरोवर सांडपाण्याने अतिपोषित होत आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्या दोन जुन्या अभ्यासांमागे प्रदूषण नियंत्रणाचा हेतू नव्हता. ते साधे, कोणत्याही तातडीशिवाय केलेले काम होते. अशा कामाला पैसे मागायला गेले की ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न हमखास येतो. १९३३ च्या नोंदी नसत्या तर १९५५ मध्ये एडमंडसन यांच्याकडे एक लालसर तंतू आणि एक शंका एवढेच असते.

पत्र, टिपण आणि दोन मतदाने

त्याच काळात सिॲटलमध्ये जेम्स एलिस नावाचे तरुण वकील वेगळ्या कारणाने झगडत होते. सरोवराभोवती शहर, गावे, सांडपाणी मंडळे यांचे तुकडे तुकडे झाले होते आणि कोणाचाच कोणाशी मेळ नव्हता. संपूर्ण महानगरासाठी एक संस्था असावी, असा त्यांचा आग्रह होता. शहराच्या महापौरांनी या प्रश्नांवर नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९५६ च्या डिसेंबरमध्ये एडमंडसन यांनी त्यांना पत्र लिहून सरोवराची स्थिती कळवली. एलिस यांनी उलट प्रश्न विचारले. १९५७ च्या सुरुवातीला एडमंडसन यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक टिपण तयार करून दिले.

या टिपणात शेवाळ का वाढते, फॉस्फरसचे काम काय, तांब्याचे क्षार टाकून शेवाळ मारता येईल का, अशा सामान्य नागरिकाला पडणाऱ्या शंकांची सरळ उत्तरे होती. त्यात भाकीतही होते. सांडपाणी येत राहिले तर शेवाळ वाढेल, पाणी गढूळ होईल, काठावर साय जमून कुजेल, वास येईल. सांडपाणी वळवले तर फॉस्फरस घटेल आणि सरोवर काही वर्षांत सुधारेल. दुसऱ्या भाकिताला जास्त धैर्य लागले असणार. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस पुन्हा पुन्हा वर येत राहील आणि सरोवर सुधारणारच नाही, अशी शंका तेव्हा जाणकारांनाही होती. एडमंडसन यांचा तर्क असा की हे सरोवर खोल आहे, तळाशी गार पाण्याचा मोठा साठा आहे, तिथला प्राणवायू घटत असला तरी पूर्ण संपलेला नाही. तळाशी प्राणवायू असेपर्यंत गाळातले लोह फॉस्फरसला धरून ठेवते. शिवाय सीडर नदी सरोवर सतत धुऊन काढते आहे. म्हणून अजून वेळ आहे.

१९५७ मध्ये राज्य विधिमंडळाने महानगर संस्थेला परवानगी देणारा कायदा केला. मार्च १९५८ मध्ये लोकांसमोर मतदान झाले. त्या प्रस्तावात सांडपाण्याबरोबर वाहतूक आणि नगररचनाही होती. सिॲटल शहराने होकार दिला, उपनगरांनी नाकारले. दोन्हीकडे बहुमत आवश्यक होते, त्यामुळे प्रस्ताव पडला. मग वाहतूक व नगररचना वगळून, सीमा आखडून, फक्त सांडपाण्याचा प्रस्ताव सप्टेंबर १९५८ मध्ये पुन्हा मांडला गेला. मधल्या उन्हाळ्यात सरोवरावर शेवाळ दाटले होते आणि काठावर राहणाऱ्यांना ते नाकाने कळत होते. या वेळी उपनगरांनीही होकार दिला.

एडमंडसन प्रचारसभांतले वक्ते झाले नाहीत. माहिती द्यायची, ती कोणालाही द्यायची, आणि निर्णय लोकांवर सोपवायचा, ही भूमिका त्यांनी धरून ठेवली. मला ती योग्य वाटते. प्रचार एलिस आणि शेकडो कार्यकर्त्यांनी केला, आणि शास्त्रज्ञाचे आकडे दोन्ही बाजूंना तपासायला खुले राहिले. आपल्याकडे नदीच्या प्रश्नावर शास्त्रज्ञ गप्प तरी असतात किंवा एका बाजूचे होऊन बसतात. या दोन्हींच्या मधली जागा कशी सांभाळायची, हे या प्रकरणात पाहायला मिळते.

वळवणे आणि मोजणे

बांधकाम १९६१ मध्ये सुरू झाले. सरोवराभोवती मोठ्या वाहिन्या टाकायच्या, सगळ्या केंद्रांचे पाणी गोळा करायचे आणि ते दोन नव्या केंद्रांमार्फत सरोवराबाहेर न्यायचे, अशी योजना होती. खर्च सुमारे १४ कोटी डॉलर, त्यातला बहुतेक स्थानिक लोकांनी कर्जरोख्यांतून आणि मासिक आकारातून उभा केला. पहिला टप्पा फेब्रुवारी १९६३ मध्ये पुरा झाला, तेव्हा एक चतुर्थांशाहून थोडे अधिक सांडपाणी वळले. शेवटचा प्रवाह १९६८ च्या सुरुवातीला बंद झाला.

ती मधली वर्षे वाईट होती. सरोवराला लोक ‘लेक स्टिंको’ म्हणू लागले होते. पारदर्शकता मोजण्याचे साधन अगदी साधे असते. सेकी तबकडी ही ताटलीएवढी गोल चकती, दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. १९५० च्या उन्हाळ्यात ती जवळपास पावणेचार मीटरपर्यंत दिसत होती. १९६३ मध्ये जेमतेम एक मीटर.

नंतर आकडे उलट फिरले. पहिल्याच टप्प्यानंतर बिघाड थांबला, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पारदर्शकता १९५० च्या पातळीजवळ आली. एडमंडसन यांनी सांगितले होते तेवढ्याच वेगाने.

१९७० मध्ये त्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जे मांडले त्याची वेळही महत्त्वाची होती. तेव्हा अमेरिकेत पावडरींतल्या फॉस्फेटवर बंदी घालावी की नाही यावर वाद पेटला होता. शेवाळाची वाढ फॉस्फरसवर नव्हे तर कार्बनवर अडते, असा एक मतप्रवाह होता आणि साबण-उद्योगाला तो सोयीचा होता. एडमंडसन यांच्याकडे त्याचे उत्तर सरोवरानेच तयार करून ठेवले होते. १९६३ च्या तुलनेत १९६९ मध्ये हिवाळी फॉस्फेट २८ टक्क्यांवर आले होते, नायट्रेट मात्र ८० टक्क्यांवरच होते. विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही भरपूर होता. आणि उन्हाळ्यातले हरितद्रव्य, म्हणजे शेवाळाचे माप, फॉस्फेटच्या मागोमाग घटले होते. नायट्रेटशी किंवा कार्बनशी त्याचा तसा मेळ नव्हता. तिन्ही घटक एकाच सरोवरात, एकाच काळात मोजलेले असल्याने पळवाट उरली नाही. पुढे कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ मध्ये ‘लेक २२६’ हे छोटे सरोवर पडद्याने दुभागले. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेच अधिक फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली. ती हवाई छायाचित्रे अनेक पाठ्यपुस्तकांत आहेत. पण फॉस्फरस काढून घेतला तर मोठे सरोवर सुधारते, हे त्याआधी सिॲटलने दाखवले होते.

या यशाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. सिॲटलचे सांडपाणी नाहीसे झाले नाही, ते प्यूजेट साउंडकडे गेले. तिथे पाणी खोल, भरती-ओहोटी जोरदार, आणि शेवाळाची वाढ पोषकद्रव्यांपेक्षा प्रकाशावर आणि पाण्याच्या घुसळणीवर जास्त अवलंबून, म्हणून ते खपून गेले. पुण्याजवळ समुद्र नाही. भीमेच्या खोऱ्यात पाणी वळवायचे म्हटले तरी ते दुसऱ्या कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातच जाणार. शिवाय उजनीचा पाणफुगवटा उथळ आहे, उन्हाळ्यात धरण उणे पातळीत जाते, गाळ उघडा पडतो आणि पावसाळ्यात पुन्हा बुडतो. उसाच्या शेतांतून येणारे खत वेगळेच. त्यामुळे मैल्यातला फॉस्फरस आज थांबला तरी उजनी वॉशिंग्टन सरोवरासारखी चार-पाच वर्षांत सुधारेल, असे मला वाटत नाही. स्वीडनमधल्या ट्रुमेन या उथळ तळ्यात सांडपाणी थांबवूनही भागले नव्हते. १९७० च्या सुमारास तळाचा गाळ उपसावा लागला, तेव्हा कुठे पाणी सुधारले. खोली आणि तळचा प्राणवायू हे एडमंडसन यांच्या भाकिताचे आधारस्तंभ होते. ते वगळून फक्त निष्कर्ष उचलणे धोक्याचे आहे.

जे कोणी सांगितले नव्हते

सांडपाण्याचा प्रश्न सुटला तेव्हा एडमंडसन थांबू शकले असते. ते मोजत राहिले. १९७६ मध्ये सरोवर अचानक आणखी स्वच्छ झाले. नंतरच्या वर्षांत उन्हाळी पारदर्शकता सहा-सात मीटरवर गेली, म्हणजे १९५० पेक्षाही कितीतरी जास्त. फॉस्फरस तर त्या प्रमाणात घटला नव्हता.

कारण होते डाफ्निया, म्हणजे पाणपिसू. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा हा प्राणी पाणी गाळून शेवाळ खातो. आधी तो सरोवरात अगदी तुरळक होता. एडमंडसन आणि त्यांच्या सहकारी आर्नी लिट यांनी जुन्या नोंदी चाळून दोन कारणे पुढे आणली. निओमायसिस नावाचा कोळंबीसारखा छोटा प्राणी पाणपिसवा खातो. १९६० च्या दशकात त्याची संख्या घसरली, कारण त्याला खाणारा स्मेल्ट मासा वाढला. स्मेल्ट वाढण्याचा संबंध सीडर नदीच्या पात्रातल्या बदलांशी जोडला गेला, कारण तो तिथे अंडी घालतो. तरीही पाणपिसू लगेच आल्या नाहीत. ऑसिलेटोरियाचे तंतू त्यांच्या गाळणीत अडकत आणि त्यांना खाणे जमत नसे. १९७६ च्या सुमारास ते तंतू जवळजवळ नाहीसे झाले तेव्हा पाणपिसवांना वाट मोकळी झाली. सांडपाणी थांबल्यामुळे तंतूंचे शेवाळ गेले, ते गेल्यामुळे बाकीचे शेवाळ खाणारा आला, आणि त्याने पाणी आणखी निवळले. १९५७ च्या टिपणात यातले काहीच नव्हते आणि असणे शक्यही नव्हते.

एडमंडसन २००० साली वारले. त्यांच्या नोंदी पुढे चालू राहिल्या. २००४ मध्ये मोनिका विंडर आणि डॅनियल शिंडलर यांनी १९६२ पासूनच्या चार दशकांच्या मोजमापांवरून एक वेगळाच बदल दाखवला. डॅनियल हे ‘लेक २२६’ वाल्या डेव्हिड शिंडलर यांचे चिरंजीव. हवामान तापत गेल्यामुळे वसंतात पाण्याचे थर पडणे सुमारे तीन आठवड्यांनी अलीकडे आले आहे आणि शेवाळाचा वासंतिक बहरही त्याबरोबर लवकर येतो. पाणपिसू मात्र अजून जुन्याच सुमारास वाढतात, आणि त्यांचे खाणे तोवर ओसरू लागलेले असते.